मॉनिटर चालू आहे, अक्का

धारवाडच्या मळमड्डीत प्रबंध टाइप करून घ्यायचा म्हटलं की विद्यार्थी एकमेकांना एकच पत्ता सांगतात, मालतीअक्का पिसे यांचा. कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्ही भाषांत अक्कांचा हात सारखाच चालतो. टाइप करता करता त्या चुका काढतात, आणि चुका काढताना विद्यार्थ्याच्या मार्गदर्शकालाही सोडत नाहीत. "हे वाक्य तुमच्या सरांनी वाचलंय काय?" असं त्यांनी शांतपणे विचारलं, की समोरच्यानं समजावं, वाक्य बदलायला पाहिजे.

पिसे जातीनं शिंपी, मूळ मिरजेकडचे. आजोबा हुबळीला आले आणि दुर्गदबैलात खणांचं दुकान थाटून बसले. दुकानाच्या वरच दोन खोल्यांत मालती आणि तिची धाकटी बहीण अर्चना वाढल्या. मालतीनं टाइपिंगच्या क्लासला जायचं म्हटलं, तेव्हा वडील म्हणाले होते, "शिंप्याच्या पोरीनं मशीन चालवायचंच तर शिलाईचं चालवावं की." मालतीनं ऐकलं नाही. आधी इंग्रजी, मग कन्नड, मग मराठी अशी तिन्ही यंत्रं तिनं हाताखाली घातली आणि धारवाडच्या एका कॉलेजात टायपिस्ट म्हणून लागली. लग्न केलं नाही. का केलं नाही याची कारणं लोकांनी पुष्कळ सांगितली, तिनं एकही सांगितलं नाही. वडील गेल्यावर दुकान चुलतभावांकडं गेलं आणि आई मळमड्डीला मालतीकडं राहायला आली ती शेवटपर्यंत. आई गेली, पाठोपाठ नोकरीही संपली, आणि मालतीअक्कांनी घरातच टेबल मांडलं.

त्या टेबलावर लॅपटॉप होता, आणि लॅपटॉपला जोडलेला एक मोठा मॉनिटर. अर्चनाचा मुलगा अनिकेत पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्यानं तो आणून बसवला होता. बसवताना त्यानं मॉनिटर उभा फिरवला. "मावशी, प्रबंधाचं अख्खं पान वरपासून खालपर्यंत एकदम दिसेल." तसं ते दिसायचं. अक्का त्या उभ्या मॉनिटरवर इतक्या खूश होत्या, की येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी दाखवायच्या आणि मग बसायला सांगायच्या.

यंदा त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले. हुबळीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आधी उजवा, मग डावा. ऑपरेशननंतर दवाखान्यानं हिरवा, रुंद, कानशिलापर्यंत झाकणारा चष्मा दिला. तो घालून आरशात बघितल्यावर अक्का स्वतःलाच ओळखू आल्या नाहीत. अनिकेतला फोनवर त्यांनी हे हसत हसत सांगितलं, आणि त्यानं लगेच पुण्याहून एक चांगला काळा चष्मा पाठवून दिला. हलका, सुबक, गाडी चालवणारे लोक उन्हाची चमक मारायला वापरतात तसला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऊन, धूळ, फोडणीचा धूर यांपासून डोळे सांभाळा. अक्का सांगितल्यापेक्षा जास्त करणाऱ्यांपैकी. त्यांचं टेबल खिडकीशी, खिडकीतून सकाळपासून लख्ख उजेड. त्यांनी उठल्याबरोबर चष्मा चढवायचा आणि दिवेलागणीला काढायचा असा नेमच करून टाकला.

डॉक्टरांनी कामाला बसायची परवानगी दिली त्या सकाळी अक्कांनी देवापुढं निरांजन लावलं, खुर्ची पुसली आणि लॅपटॉप उघडला. लॅपटॉप सुरू झाला. मॉनिटर मात्र काळाच.

त्याच्या खालच्या कडेला एक बारीक दिवा आहे. मॉनिटर झोपला की तो लुकलुकतो, जागा झाला की स्थिर होतो. अक्कांनी कळ दाबली, दिवा लुकलुकायचा थांबला, स्थिर झाला. पडदा मात्र तसाच, तव्यासारखा काळा. त्यांनी माऊस हलवला. बटण दाबून बंद केला, चालू केला. दिवा विझला, दिवा लागला. पडद्यावर काही नाही.

"उठ की रे बाबा," अक्का म्हणाल्या. "मी उठले ऑपरेशनमधून, तुला काय धाड भरली?"

त्या दिवशी त्यांनी लॅपटॉपच्या बारक्या पडद्यावरच काम ओढलं. संध्याकाळी दिवेलागण झाली, चष्मा काढून डब्यात ठेवला, चहा घेतला आणि सहज म्हणून टेबलाशी आल्या, तर मॉनिटरवर अख्खं पान लख्ख उजळलेलं! जसं काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा काळा. संध्याकाळी पुन्हा चालू.

अक्कांनी अनिकेतला फोन लावला. तो म्हणाला, "दिवसा बंद आणि संध्याकाळी चालू म्हणजे व्होल्टेजचं काहीतरी असेल. नाहीतर केबल सैल असेल. मॉनिटरच्या पाठीमागनं वायर काढून परत घट्ट बसव."

अक्का टेबलाच्या बाजूनं वाकल्या, मान वाकडी करून मॉनिटरच्या मागं हात घातला, आणि तेवढ्यात त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून पडदा क्षणभर उजळल्यासारखा वाटला. सरळ होऊन बघतात तर काळाच.

"केबलच आहे!" त्यांनी फोनवर ओरडून सांगितलं. "हात लावला तर एकदा लागून गेला!"

नवी केबल आणली. ती लावली, तरी सकाळी तेच. मग अनिकेत दूरवरून एकेक उपाय सांगत गेला आणि अक्का तो शाळकरी मुलीसारखा करत गेल्या. मॉनिटरचा प्लग काढून बटण दाबून धरा, मग परत लावा. दुसऱ्या भोकात केबल लावा. चार कळा एकदम दाबा; लॅपटॉपनं 'टुंग' असा आवाज केला, त्याचा पडदा क्षणभर मिटून उघडला, पण मॉनिटर ढिम्म. संगणकाला झोपूच देऊ नका, म्हणजे उठवायचा प्रश्न नाही. अक्कांनी तेही सेटिंग बदललं. लॅपटॉप जागा राहिला आणि मॉनिटर सकाळी काळाच.

"मावशी, आता मला बघायलाच पाहिजे," अनिकेत म्हणाला. "व्हिडिओ कॉल कर आणि कॅमेरा मॉनिटरकडं धर."

अक्कांनी कॉल लावला. भर दुपार होती. मोबाइल मॉनिटरसमोर धरून त्या म्हणाल्या, "हे बघ. दिवा स्थिर आहे, आणि पडदा काळा ठिक्कर."

तिकडून अनिकेतनं कॅमेरा आणखी जवळ न्यायला सांगितला.

"दिसतंय काय तुला?"

"मावशी, चालू आहे की."

"दिवा चालू आहे रे. पडदा म्हणते मी."

"पडदाच म्हणतोय मी. पान दिसतंय. वर 'प्रकरण चौथे' लिहिलंय, खाली तक्ता आहे. काय चेष्टा करतेस?"

अक्कांना वाटलं, पोरगाच चेष्टा करतोय. त्यांनी मोबाइल जरा खाली घेतला आणि त्याच्या पडद्याकडं बघितलं. मोबाइलमध्ये त्यांचं टेबल होतं, खिडकी होती, आणि मधोमध मॉनिटर होता. उजळलेला. 'प्रकरण चौथे'. खाली तक्ता. त्यांनी मान वर केली. समोर काळा पडदा. मान खाली. पांढरं पान. वर. काळा.

त्या खुर्चीत बसल्या नाहीत, पडल्याच.

"मावशी? अगं मावशी?"

"लागला रे," अक्का म्हणाल्या. आवाज कुठून आला त्यांचं त्यांना कळलं नाही. "आत्ताच लागला बघ. मी बोलत होते तेवढ्यात. ठेवते हं."

फोन बंद करून त्या मॉनिटरकडं बघत राहिल्या. लागला नव्हता. त्यांनी हात पुढं करून काचेला लावला. काच किंचित गरम होती. आत काहीतरी पेटलेलं होतं, आणि ते जगाला दिसत होतं, फक्त त्यांना दिसत नव्हतं.

मग त्यांना आई आठवली. आठवली म्हणण्यापेक्षा खोलीत येऊन उभीच राहिली. शेवटच्या वर्षांत आईचं असंच सुरू झालं होतं. भर दुपारी, खोली उन्हानं भरलेली असताना आई म्हणायची, "मालती, लाइट लाव गं, किती काळोख करून ठेवलायस." लाइट लावला तरी तेच. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मग दुसऱ्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, बिघाड डोळ्यांत नाही, डोळ्यांच्या मागं आहे. तिथून आई हळूहळू गेली. आधी उजेड गेला, मग नावं गेली, मग मालतीच गेली. शेवटी शेवटी आई तिला 'अहो बाई' म्हणायची.

सुरुवात अशीच झाली होती. एका गोष्टीपासून.

अक्का उठल्या आणि घरभर फिरल्या. कॅलेंडरवरची तिथी वाचली. गोळ्यांच्या पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. खिडकीतून समोरच्या घराच्या गच्चीवरचे कपडे मोजले. सगळं दिसत होतं. ऑपरेशनच्या आधी दिसत होतं त्याहून स्वच्छ दिसत होतं. परत टेबलाशी आल्या. काळा.

दारावर टकटक झाली. संघपाल मेत्री आला होता. हुबळीच्या कामगार वस्त्यांमधल्या मराठी बोलीवर त्याचं काम चाललं होतं, आणि मॉनिटरवरचं ते चौथं प्रकरण त्याचंच होतं.

"अक्का, थोडं दुरुस्त करायचं होतं. बसू काय?"

नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत तो स्टूल ओढून मॉनिटरसमोर बसलासुद्धा. अक्का त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. त्याची नजर काळ्या पडद्यावर वरून खाली सरकत होती, ओठ हलत होते. तो वाचत होता!

"हे बघा अक्का, हितं 'मोळी' पाहिजे. 'मोली' पडलंय." त्यानं काळ्या काचेवर बोट टेकवलं. "आणि ह्या खालच्या ओळीत लक्कव्वांचं, म्हणजे मी मुलाखत घेतली त्या आजींचं गाव चुकलंय."

चाळीस वर्षं लोकांची अक्षरं ओळखत आल्या त्या. डॉक्टरांची, वकिलांची, प्राध्यापकांची, कुणालाही न लागणारी अक्षरं त्यांना लागायची. आणि आज हा मुलगा त्यांच्याच टेबलावर, त्यांनीच टाइप केलेलं, त्यांना वाचून दाखवत होता.

"डोळ्यांना आज जरा ताण नको म्हणते मी," त्या म्हणाल्या. "तूच कर दुरुस्ती. मी ऐकते."

"बरं, अक्का." त्यानं माऊस घेतला. कळांचा आवाज होत राहिला. मधेच त्यानं विचारलं, "अक्का, हे बरोबर दिसतंय काय?" आणि अक्का काळोखाकडं बघून म्हणाल्या, "होय की. बरोबर आहे."

तो गेल्यावर त्यांनी मॉनिटरवर जुनी चादर टाकली आणि त्या संध्याकाळी ती काढलीच नाही. लागलेला दिसला असता तरी भीती, नसता दिसला तरी भीती. अर्चनाचा बेळगावहून रोजचा फोन आला. "आवाज असा का येतोय तुझा?" "घसा धरलाय जरा." आईची ती पहिली वर्षं दोघी बहिणींनी मिळून काढली होती. अर्चनाला हे सांगणं म्हणजे तिला पुन्हा त्याच दारात नेऊन उभं करणं.

सकाळी त्यांनी चष्मा चढवला, पर्स घेतली आणि चिगरी ही जलद बस पकडून हुबळीला गेल्या. डोळे दाखवायची तारीख पुढं होती, पण आता कसली तारीख.

दवाखान्यात गर्दी होती. नंबर घेऊन त्या बाकावर बसल्या. समोरच्या भिंतीवर, आत कुणाला बोलावलंय ते दाखवणारा एक मोठा उभा पडदा टांगला होता. तो बंद होता.

शेजारी एक म्हातारी बसली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेली, दवाखान्याचा तोच हिरवा, रुंद चष्मा नाकावर. अक्कांनी तिला कन्नडमध्ये विचारलं, "बोर्ड बंद पडलाय काय हो? नंबर कसा कळायचा?"

म्हातारीनं बोर्डाकडं बघितलं, मग अक्कांकडं बघितलं. "चालू आहे की, यव्वा. मला अक्षर येत नाही, पण आकडा कळतो. तेवढा मोठा तांबडा आकडा दिसत नाही तुला?"

अक्कांनी पुन्हा बघितलं. काळा, उभा, मुका पडदा. म्हणजे घरातलाच नाही. आता बाहेरचंही जायला लागलं.

त्यांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. रडणं म्हणावं तर तसं नाही, कुणीतरी पोटात गुद्दा मारल्यावर निघावा तसा. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं सुटलं. अनोळखी बाईसमोर, भरल्या दवाखान्यात, मालतीअक्का पिसे पदर तोंडाशी धरून वाकल्या.

म्हातारीनं काही विचारलं नाही. तिचं नाव होनव्वा, गाव कलघटगी. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी तिनं फक्त आपला राकट हात अक्कांच्या डोक्यामागून घातला आणि त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. "टेक. थोडं टेक. डोळ्यांचं दुःख मोठं असतंय."

अक्कांनी डोकं टेकलं. म्हातारीच्या लुगड्याला चुलीच्या धुराचा वास होता. पाणावल्या डोळ्यांनी त्या समोर बघत राहिल्या, आणि भिंतीवरचा पडदा उजळला.

तांबडे आकडे. खाली कन्नडमध्ये खोलीचं नाव. सगळं आडवं, कललेलं, पण स्वच्छ.

त्या दचकून सरळ झाल्या. पडदा काळा.

पुन्हा डोकं खांद्यावर टेकलं. उजळला. सरळ. काळा. तिसऱ्यांदा टेकल्यावर होनव्वा म्हणाली, "अगं, काय चाललंय? खांदा आहे माझा, उशी नव्हे."

"थांबा हो, थांबा जरा." चुका कशा शोधायच्या, याबद्दल चाळीस वर्षांत त्यांना एवढंच कळलं होतं, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मान कलली की दिसतं. मग मान सरळ असताना, त्यांच्या आणि पडद्याच्या मध्ये असं आहे तरी काय? त्यांचा हात आपोआप नाकाकडं गेला. त्यांनी चष्मा काढला.

पडदा लख्ख चालू होता. मान सरळ होती.

चष्मा लावला. काळा. काढला. चालू.

"होनव्वा," हे नाव त्यांनी तेव्हाच विचारून घेतलं, "एवढा माझा चष्मा लावून बघता?"

होनव्वानं आपला हिरवा चष्मा काढून मांडीवर ठेवला, अक्कांचा सुबक काळा चष्मा ऐटीत नाकावर चढवला, समोर बघितलं, आणि किंचाळली.

"अय्य यव्वा! होतु! गेला! माझा डोळा गेला!"

सगळा दवाखाना उठून उभा राहिला. नर्स धावत आली. चहा आणायला गेलेली होनव्वाची लेक हातातला कप टाकून धावली. "डोळा नाही गेला हो, डोळा नाही गेला!" अक्का ओरडत होत्या, आणि ओरडता ओरडता त्यांना हसू फुटलं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळं कुणालाच काही कळेना. शेवटी त्यांनी होनव्वाचं डोकं दोन्ही हातांनी धरून बाजूला कलवलं.

होनव्वा गप्प झाली. तोंड उघडं राहिलं.

"आला," ती हळूच म्हणाली. "परत आला."

गलका ऐकून डॉक्टर पूजा आतून बाहेर आल्या. अक्कांची दोन्ही ऑपरेशनं त्यांनीच केली होती. अक्कांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा हातात घेतला, बोर्डासमोर डोळ्याशी धरला आणि हळूहळू फिरवला. आडवा धरला की अंधार, उभा धरला की उजेड. त्या स्वतःच दोनदा "अरेच्चा" म्हणाल्या.

"हा पोलराइज्ड चष्मा आहे," त्यांनी समजावलं. "चमक मारण्यासाठी तो एका दिशेनं येणारा उजेड अडवतो. असल्या पडद्यांचा उजेड एकाच दिशेचा असतो, मोबाइलचा पुष्कळदा वेगळ्या दिशेचा. पडदा आडवा असता तर तुम्हाला दिसलाही असता. तो उभा फिरवला, आणि नेमका अडवायच्या दिशेत आला. मी हे वाचलं होतं, अक्का. पण माणूस यामुळं एवढं घाबरू शकतं, हे मला सुचलंच नव्हतं. ऑपरेशननंतर चष्मा कुठला घालता, एवढं आता मी प्रत्येकाला विचारणार."

तरी त्यांनी अक्कांना आत नेऊन डोळे तपासले. शेवटची ओळ अक्कांनी न अडखळता वाचली.

घरी येऊन अक्कांनी मॉनिटरवरची चादर काढली. चष्मा घालून मान इकडं तिकडं केली, मॉनिटर आडवा करून बघितला, परत उभा केला, आणि प्रत्येक वेळी छातीत तेच धस्स झालं. कारण कळलं तरी धक्का काही कमी होईना. मग त्यांनी चष्मा कपाटात टाकला आणि अर्चनाला फोन लावला. हसवायला म्हणून लावला होता. व्हिडिओ कॉलपासून सुरू करून होनव्वाच्या किंकाळीपर्यंत त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. आईचं मात्र वगळलं.

अर्चना हसली नाही.

"आईसारखं झालं वाटलं तुला," ती म्हणाली.

अक्कांनी मॉनिटरवरून काढलेल्या चादरीची घडी घालायला घेतली.

"वाटलं नं?"

"वाटलं."

मग अर्चना म्हणाली, "अक्का, मागच्या दिवाळीत मी स्वयंपाकघरात उभी होते. आमटी वाढायची होती. कशानं वाढायची ती वस्तू हातात होती, आणि तिचं नाव आठवेना. पळी, अक्का. पळी हा शब्द. किती वेळ उभी होते मी. नंतर रस्त्यात एकदा घराकडं कुठलं वळण ते विसरले. मी कुणालाच सांगितलं नाही. ह्यांना नाही, अनिकेतला नाही. तुला तर नाहीच. तू आईचं सगळं केलंस, आता परत तुझ्यापुढं मी…"

दवाखान्यात बसला होता त्याहून हा धक्का मोठा होता, कारण यात मान कलवून काही उजळणार नव्हतं. वर्षभर ही रोज फोन करत होती. रोज विचारत होती, जेवलीस काय, औषध घेतलंस काय. आणि आपण रोज सांगत होतो. हिला कुणी विचारलंच नाही.

"उद्या सकाळी येते मी," अक्का म्हणाल्या.

"अगं, तुझं काम…"

"संघपालला सांगते मी. तू कुठं जाऊ नकोस."

बेळगावला त्या गेल्या. दोघी मिळून डॉक्टरांकडं गेल्या, रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, रक्तात काही गोष्टी कमी आहेत, झोप नाही, काळजी फार आहे. गोळ्या घ्या, सहा महिन्यांनी परत या. ते जे भय होतं ते आज दिसत नाही. 'आज' या शब्दावर दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

अक्का तिथं चांगले काही दिवस राहिल्या. अर्चनाच्या नवऱ्याला सांगितलं, अनिकेतला सांगितलं. अनिकेत फोनवर आधी चष्म्याबद्दल माफी मागत होता, मग आईचं ऐकून शनिवारी घरीच आला. अर्चना त्याच्यावर चिडली, "मला काय झालंय म्हणून आलास?" आणि त्याला आवडते म्हणून थालीपिठं करायला उठली.

धारवाडला परत निघताना स्टँडवर अर्चनानं विचारलं, "परत असं काही झालं, तर सांगशील मला?"

"तू?"

"सांगेन."

"मग मीही सांगेन," मालतीअक्का म्हणाल्या. बस कित्तूरच्या पुढं गेली तरी त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. माळावरचं ऊन डोळ्यांत घुसत होतं. त्यांनी पदर कपाळावर ओढून घेतला.